उपवासाच्या साबुदाण्याचं खरं मूळ

साबुदाणा सागू नावाच्या झाडाच्या खोडातून निघतो, असं आजही अनेक जण सांगतात. नाव त्या झाडावरून आलं हे खरं, पण आपल्याकडे मिळणारा साबुदाणा बनतो कसाव्याच्या, म्हणजे टॅपिओकाच्या कंदापासून. सागू आग्नेय आशियातला, तर कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा सागू थांबला आणि तमिळनाडूत सेलम भागात कंदापासून दाणे तयार होऊ लागले. कंद सोलून वाटतात, पांढरं दुधाळ पाणी गाळून निवळू देतात, तळाशी बसलेलं ओलसर पीठ हलवून हलवून त्याचे दाणे करतात आणि ते गरम करून उन्हात वाळवतात.

मग हे परदेशी पीक उपवासाला कसं चालतं? उपवासाला धान्य वर्ज्य असतं, कंदमुळं नाहीत. साबुदाणा त्या नियमात चपखल बसतो. खिचडीतले शेंगदाणे, मिरची, बटाटा हेही मूळचे अमेरिका खंडातलेच. ‘मग आपलं काय राहिलं?’ असं कुणी विचारेल. साबुदाणा बेताच्या पाण्यात भिजवणं, त्याला दाण्याचं कूट लावणं, तुपात जिऱ्याची फोडणी देणं, हे सगळं आपलं आहे. पीक कुठूनही येवो, पदार्थ घडवणाऱ्याचा असतो. त्यामुळे खिचडी अभिमानाने आपली म्हणा, फक्त तिला प्राचीन म्हणू नका.