इफ्तारची वेळ आणि घाटातली वाट

सफर म्हणजे प्रवास. त्यातले कष्ट ओळखूनच इस्लामने प्रवाशाला सवलत दिली आहे. कुरआनच्या सूरह बकरहमध्ये रमजानच्या रोज्यांचा हुकूम आहे आणि तिथेच आजारी व मुसाफिर यांनी राहिलेले रोजे नंतर पूर्ण करावेत, अशी मुभाही आहे. ती लहानसहान अंतराला नाही. हनफी मसलकात साधारण 77 किलोमीटरच्या पुढची सफर धरली जाते. पुण्याहून भोर 50 किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे तिथवर जाणारा मुसाफिर ठरत नाही. भोरमार्गे महाडला उतरणारा ठरतो. तरीही सवलत असूनदेखील आपल्यातले अनेक जण वाटेत रोजा ठेवतातच.

महाड परिसरात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. पुण्यात राहणारे त्यांचे नातलग कापूरहोळवरून भोर, पुढे नीरा देवघर धरणाच्या काठाने वरंध घाट उतरून गावी जातात. 2014 मध्ये रमजान ऐन जुलैच्या पावसात आला होता. आमचे कुटुंब जीपमधून याच वाटेने निघाले. घाटात धुके इतके, की पुढच्या एसटीचे लाल दिवेही दिसेनात. वाघजाईच्या अलीकडे रस्त्यावर माती आणि दगड आले आणि सगळी वाहने थांबली. गाडीला अचानक ब्रेक लागला तशी सरबताची बाटली नानीच्या पांढऱ्या ओढणीवर रिकामी झाली. मुले हसली, नानी रागावली आणि मगरिबला अर्धा तास उरला.

एका टपरीवाल्या काकांनी आम्हाला पत्र्याखाली बोलावले. पाण्याची कळशी पुढे केली. वेळ झाली तशी आम्ही खजूर तोंडात टाकले. काकांनी कढईतली गरम कांदाभजी कागदावर ठेवली आणि नमाजसाठी कोरड्या जागेवर पोते अंथरून दिले. पैसे घेताना मात्र फक्त चहाचेच घेतले. अडकलेल्या एसटीतल्या प्रवाशांनीही आमच्याच खजुरांवर चहा घेतला. रात्री उशिरा रस्ता मोकळा झाला. घरी आजही त्या इफ्तारची चव निघते.

असा शेवट प्रत्येक सफरीला लाभत नाही. इफ्तार घरीच करायची म्हणून संध्याकाळी वेगाने गाड्या हाकल्या जातात. दिवसभराची तहान, सहरीसाठी मोडलेली झोप आणि समोर घाटाची वळणे. खरे तर सूर्य मावळताच इफ्तारला उशीर न करणे ही सुन्नत आहे. ती रस्त्याकडेला एका खजुराने आणि घोटभर पाण्यानेही पूर्ण होते. त्यासाठी जीव धोक्यात घालायची गरज नाही.

ईदनंतर अनेक कुटुंबे सहलीला निघतात. भोरचे भाटघर धरण, नसरापूरचे बनेश्वर, आता राजगड तालुका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेल्ह्यातला मढे घाट, तोरण्याचा पायथा ही आवडती ठिकाणे. भाटघर 1927 चे, वेळवंडी नदीवरचे. त्याचे पाणी काठाला शांत दिसते, पण खाली गाळ आणि अचानक खोली असते. मे 2022 मध्ये याच पाण्यात नात्यातल्या पाच तरुणी बुडाल्या. मजेत निघालेल्या घरावर क्षणात मातम आला.

म्हणून निघण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. खजूर आणि पाणी चालकाच्या हाताशी ठेवावे. घाट सुरू आहे की बंद, याची चौकशी भोरमध्येच करावी. आणि धरणाच्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नये, मग ती कितीही हट्ट करोत. सफरीची दुआ सगळ्यांनाच पाठ असते. तिच्या जोडीला एवढी खबरदारी घेतली, तर घरी वाट पाहणाऱ्यांचीही ईद गोड होते.