रॉटरडॅम : गाळांतून उपसलेलें वैभव

नदीच्या मुखाशीं वसलेल्या शहरास व्यापाराचें वैभव निसर्गच देतो, अशी सामान्य समजूत आहे. हॉलंडांतील रॉटरडॅम बंदराची हकीकत वाचली म्हणजे ती पालटते. तेथें नदीनें जें दिलें, तें गाळ आणून हिरावूनही घेतलें. राहिलें तें मनुष्याच्या उद्योगानें.

इ. स. १२७० च्या सुमारास रॉटे नांवाच्या लहानशा नदीवर लोकांनीं धरण घातलें. रॉटेवरील 'डॅम' म्हणून रॉटरडॅम. १३४० सालीं गांवास नगराचे अधिकार मिळाले. विख्यात पंडित इरॅस्मस याचें जन्मस्थान हेंच. १६०२ सालीं स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकीं एक येथें होती. ज्या वाचकांनीं वेंगुर्ल्यास डच वखारीचे भग्नावशेष पाहिले असतील, त्यांनीं ती वखार याच कंपनीची होती, हें ध्यानांत घ्यावें.

ऱ्हाईन व मास या नद्यांचे फांटे येथें समुद्रास मिळतात. जर्मनीच्या रूर प्रांतांतील कारखान्यांस जलमार्गानें जगाशीं जोडणारें स्वाभाविक द्वार हेंच. परंतु नदीमुख गाळानें भरत चाललें, आणि मोठ्या जहाजांना दूरचा वळसा पडूं लागला. तेव्हां पीटर कालांड या स्थापत्यविशारदानें किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या कापून थेट समुद्रास मिळणारा मार्ग आंखला. १८६६ सालीं काम सुरू झालें व १८७२ सालीं पहिलें जहाज त्यांतून गेलें. भरती-ओहोटीचा प्रवाहच पात्र खोल करील, अशी अपेक्षा होती, ती फसली. गाळ पुन्हां सांचला. अखेर वाफेच्या यंत्रांनीं तो उपसावा लागला, तेव्हां कोठें बंदराची भरभराट झाली.

ता. १४ मे १९४० रोजीं जर्मन विमानांनीं पाव तासाच्या आंत शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त केला; उरलेलें आगीनें खाल्लें. आठशेंहून अधिक माणसें मेलीं, सुमारें ८०,००० निराश्रित झालीं, आणि दुसऱ्याच दिवशीं डच सैन्याच्या शरणपत्रावर सही झाली. १९४४ सालीं जर्मनांनीं धक्केही उडवून दिले. युद्धानंतर लोकांनीं आधीं बंदर उभें केलें, मग घरें. १९५३ सालीं तेथें शिल्पकार झाडकिन यानें घडविलेली एक मूर्ति बसविण्यांत आली : हात आकाशाकडे उगारलेले, आणि हृदयाच्या ठिकाणीं पोकळी. याच बंदरानें १९६२ सालीं न्यूयॉर्कला मागें टाकून जगांत पहिलें स्थान मिळविलें व तें चार दशकें राखलें. पुढें आशियांतील बंदरें सरसावलीं. तथापि युरोपांत तें अद्याप अग्रगण्य आहे. २०२४ सालीं ४३ कोटी टनांहून अधिक माल तेथून गेला.

आसपासची पुष्कळ जमीन समुद्रसपाटीहून खालीं आहे. १९५३ च्या महापुरांत हॉलंडांत अठराशेंहून अधिक लोक बुडाले. म्हणून समुद्रमार्गावर १९९७ सालीं २२ मीटर उंचीचे दोन अजस्र दरवाजे बसविले. एरव्हीं ते उघडे असतात. वादळांत तेवढे मिटतात, कारण सदा मिटले तर बंदरच मरेल.

आज तेथील उत्पन्नाचा मोठा आधार खनिज तेल हा आहे, आणि जग तर तेलाची कास सोडूं पाहत आहे. हा नवा गाळ कसा उपसावयाचा, हाच त्या नगरापुढील प्रश्न आहे. पूर्वजांचें वैभव वारशानें मिळतें, पण तें टिकविण्याचे श्रम प्रत्येक पिढीला नव्यानें करावे लागतात, असें आम्हांस वाटतें.