न बोलणारा गुरू

शिक्षकाची पारख वाणीवरून करण्याची सवय सर्वत्रच आहे. हॅरी कॅलहन हे अमेरिकन छायाचित्रकार त्या कसोटीस खचितच उतरले नसते. १९१२ साली डेट्रॉइटला जन्मलेल्या या गृहस्थाने महाविद्यालय अर्ध्यावर सोडले, क्रायस्लर मोटार कंपनीत चाकरी धरली आणि १९३८ साली निव्वळ हौसेने कॅमेरा हाती घेतला. १९४१ साली ॲन्सेल ॲडम्स यांचे कार्य पाहिले आणि हौसेचे व्रत झाले. १९४६ साली शिकागोच्या इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने या पदवीहीन माणसास अध्यापक नेमले. तेथील चालकांची दृष्टी धन्य होय!

कॅलहन व्याख्याने झोडीत नसत. सकाळी शहरात हिंडून छायाचित्रे टिपावीत, दुपारी अंधाऱ्या खोलीत त्यांच्या प्रती काढाव्यात, हाच नित्यक्रम. विषयही मोजकेच: पत्नी एलेनॉर, कन्या बार्बरा, रस्त्यावरचे अनोळखी पादचारी, बर्फातून डोकावणाऱ्या गवताच्या काड्या. मागे उरल्या सुमारे एक लाख निगेटिव्ह. तरीही वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे त्यांना मनाजोगती वाटत. एवढी कठोर आत्मपरीक्षा विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत चालली असता निराळ्या प्रवचनाची गरज ती काय?

१९६१ ते १९७७ ते ऱ्होड आयलंडच्या कलाविद्यालयात होते. तेथील त्यांचे विद्यार्थी एमेट गोविन यांनीही आपल्या पत्नीची, ईडिथची, छायाचित्रे वर्षानुवर्षे टिपली, आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात स्वतः अध्यापन केले. कॅलहन १९९९ साली अटलांटा येथे निवर्तले.