समुपदेशकाच्या पाठीशी कोण?

कार्ल रॉजर्स १९४० साली ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाले, तेव्हा मानसोपचार शिकवण्याची रीत साधी होती. शिकाऊ उपचारक समोरच्याशी तासभर बोलायचा, मग आठवेल तसं कागदावर उतरवायचा आणि ते टिपण गुरूंपुढे ठेवायचा. गुरू त्या टिपणावर बोलायचे. बंद दाराआड नेमकं काय घडलं, याला साक्षीदार नसायचा. स्वतःला शोभेल तेवढंच माणसाला आठवतं, ही अडचण सगळ्यांना ठाऊक होती. पण इलाज नव्हता.

रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इलाज काढला तो ध्वनिमुद्रणाचा. टेप रेकॉर्डर अजून सर्रास मिळत नव्हता. कोऱ्या तबकडीवर सुईनं चर कापत आवाज उतरवायचा आणि एक बाजू तीनेक मिनिटांत भरायची. म्हणजे एका भेटीसाठी तबकड्यांची चळत, आणि ती बदलत राहणारा एक माणूस. बर्नार्ड कोवनर या त्यांच्या विद्यार्थ्यानं हे यंत्र जमवलं आणि पुढे समुपदेशकांची लेखी टिपणं मुद्रणाशी ताडून पाहिली. टिपणांतून बोलण्याचा फार मोठा भाग गळालेला होता. याच खटाटोपातून एका उपचाराच्या आठही भेटी शब्दशः लिहून निघाल्या आणि १९४२च्या रॉजर्सच्या पुस्तकात ‘हर्बर्ट ब्रायन’ या टोपणनावानं छापल्या गेल्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा एखादा उपचार असा जगापुढे येण्याची ती पहिली वेळ.

तबकड्या ऐकताना जे कळलं ते उपचारकांच्या जिव्हारी लागणारं होतं. सल्ला देण्याची, दिशा दाखवण्याची सवय असलेले समुपदेशक अशी दिशा न दाखवणाऱ्या समुपदेशकांपेक्षा जवळपास सहापट शब्द बोलत होते, असं त्या काळच्या मोजणीत दिसलं. विद्यार्थी मदत मागायला आला होता आणि बोलत होते मदतनीस.

विद्यापीठातल्या समुपदेशन केंद्राचं आजचं रूप इथून सुरू होतं. अमेरिकेत प्रिन्स्टनला विद्यार्थ्यांसाठी मनोविकारतज्ज्ञाची सोय १९१० मध्येच झाली होती. पण विद्यापीठातच शिकणारी मुलं विद्यापीठातल्याच मुलांना भेटणार, आणि त्यांच्या प्रत्येक भेटीमागे कुणी अनुभवी माणूस बसलेला असणार, ही घडण रॉजर्सच्या आसपासची. १९४५ला ते शिकागोला गेले, तिथं त्यांनी असंच केंद्र उभारलं आणि बारा वर्षं चालवलं. आज तिकडच्या बऱ्याच केंद्रांच्या कामाचा मोठा वाटा शिकाऊ उपचारकच उचलतात. ‘मी प्रशिक्षणार्थी आहे, माझ्या सुपरव्हायझरचं नाव हे, तुझी हरकत नसेल तर आपलं बोलणं रेकॉर्ड होईल आणि शिकण्याचं काम झालं की पुसलं जाईल’, हे पहिल्या भेटीतच सांगावं लागतं. कागदोपत्री जबाबदारी सुपरव्हायझरच्या परवान्यावर असते.

आपल्याकडे रेकॉर्डिंगला मुलं सहसा तयार होत नाहीत, आणि ते समजण्यासारखं आहे. घरच्यांच्या कानावर जाईल ही भीती इतकी खोल असते की फोन टेबलावर उलटा ठेवला तरी नजर तिकडे जाते. म्हणून चालतं ते ‘व्हर्बेटिम’. भेट संपल्या संपल्या बसून दहा-पंधरा मिनिटांचं बोलणं शब्दाला शब्द उतरवायचं: डाव्या बाजूला विद्यार्थी, उजवीकडे आपण, आणि समासात त्या क्षणी आपल्या मनात काय चाललं होतं ते. कोवनरनं दाखवलेली गळती इथंही होतेच. तरी समासातला मजकूर तबकडीला कधी पकडता आला नसता.

समजा, समोर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा आहे. लातूरकडचा, हॉस्टेलवर राहणारा.

‘मॅडम, वर्ष गेलं ते घरी सांगितलंच नाही अजून.’

‘का नाही सांगितलं?’

‘...नाही सांगितलं.’

‘अरे, पण कधी ना कधी सांगावं लागेलच ना? आई-बाबा समजून घेतील.’

‘हो मॅडम.’

हे व्हर्बेटिम वाचताना सुपरव्हायझर बाई पेन्सिलीनं पहिल्या ‘का’भोवती गोल करतात. हा ‘का’ त्यानं शाळेपासून ऐकलाय आणि दर वेळी तो जाब विचारणाराच होता. मग त्या ‘हो मॅडम’वर बोट ठेवतात. इथं मुलगा खोलीतून निघून गेला, खुर्चीत फक्त त्याची पँट-शर्ट उरली. समासात शिकाऊ समुपदेशक मुलीनं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं: ‘तो गप्प बसला तेव्हा मला घाबरायला झालं.’ मग पाऊण तास त्या घाबरण्यावरच जातो. मुलाचं पुढे काय करायचं, हा विषय शेवटच्या दहा मिनिटांत येतो. बाहेरच्याला हे उलटं वाटेल. पण तिच्या भीतीचा बंदोबस्त झाल्याशिवाय पुढच्या गुरुवारी त्याला गप्प बसायला जागा मिळणार नाही, हे बाईंना माहीत असतं.

बोलण्याची पातळी ठरवणं हाही सुपरव्हिजनच्या या तासाचा विषय. समुपदेशक तेवीस वर्षांची, विद्यार्थी वीसचा. ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’? दुसऱ्या भेटीला तो तिला ‘ताई’ म्हणू लागतो. ताई म्हटलं की ताईचा नंबर हवा, रात्री अकरा वाजता मेसेज टाकता यावा, रक्षाबंधनाला फोटो यावा. आपल्या समाजात परक्याशी जवळीक करण्याचा हा एकच रस्ता घडलेला आहे, त्यात मुलाची काही चूक नाही. पाश्चात्त्य पुस्तकांतलं मर्यादांचं प्रकरण वाचून मुली इथं ताठर होतात किंवा विरघळून तरी जातात. चांगली सुपरव्हायझर म्हणते, ताई म्हणू दे. पण वेळ गुरुवार चारची, आणि नंबर केंद्राचाच.

एवढ्या उस्तवारीची खरंच गरज आहे का? या प्रश्नाला एक फार अडचणीचं उत्तर व्हँडरबिल्ट विद्यापीठातून आलं. हान्स स्ट्रप आणि सुझान हॅडली यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उदास, चिंताग्रस्त, बुजऱ्या कॉलेजकुमारांचे दोन गट होते. एका गटाला मुरलेल्या मानसोपचारकांकडे पाठवलं. दुसऱ्याला पाठवलं विद्यापीठातल्याच प्राध्यापकांकडे, म्हणजे मानसोपचाराचं कसलंही शिक्षण नसलेल्या, पण मुलांशी आपुलकीनं वागण्याबद्दल नावाजलेल्या मंडळींकडे. सरासरी काढली तर दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली.

या निष्कर्षाचा आधार घेऊन ‘मग कशाला हवेत तज्ज्ञ? आमचे सर पुरेसे आहेत’ म्हणणारे प्राचार्य आपल्याकडे भेटतील. मलाही पहिल्यांदा वाचताना थोडी गंमतच वाटली होती. पण स्ट्रप तिथं थांबले नाहीत. एकेका मुलाच्या भेटी त्यांनी वेगळ्या काढून तपासल्या आणि चित्र बदललं. बोलायला उत्सुक, विश्वास ठेवणाऱ्या मुलांचं कुणाकडेही बरं चाललं होतं. जी मुलं चिडकी, संशयी, सगळ्यांवर राग धरून बसलेली होती, त्यांच्यापुढे अनुभवी उपचारकही डगमगले. मुलगा टोमणा मारायचा, उपचारक नकळत थंड व्हायचा किंवा शब्दांतून परतफेड करायचा, आणि नातं तिथंच आंबायचं. स्ट्रप यांचं पुढचं बरंचसं काम या आंबण्यावरच आहे.

माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचा हिशोब इथं लागतो. गोड बोलायला पदवी लागत नाही. पदवी लागते ती ‘तुमचा काही उपयोग नाही, मॅडम’ असं ऐकल्यावर खुर्चीत टिकून राहायला, आणि तीसुद्धा पुरत नाही. त्या वाक्यानं आतून काय हललं, हे आपलं आपल्याला दिसत नाही. ते दाखवायला दुसरं कुणीतरी लागतं. व्हर्बेटिम वाचणारी बाई ती.

मात्र मागे माणूस असला की सगळं आलबेल, असंही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले कॅम्पसमधलं तारासॉफ प्रकरण या पेशात प्रत्येकाला शिकवलं जातं, आणि त्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. तिथल्या विद्यार्थी-रुग्णालयात उपचार घेणारा तो तरुण भारतातून उच्च शिक्षणाला गेलेला होता. तातियाना तारासॉफ या तरुणीकडून नकार मिळाल्यानं तो कोलमडला होता. ऑगस्ट १९६९ मध्ये त्यानं आपल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं, मी तिला मारणार आहे. मानसशास्त्रज्ञानं कॅम्पस पोलिसांना कळवलं, पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, शहाणासुरता वाटला म्हणून सोडलं. मग मानसशास्त्रज्ञाच्या वरिष्ठांनी हुकूम काढला: पोलिसांना लिहिलेलं पत्र परत मागवा, टिपणं नष्ट करा, पुढे काही करू नका. तो तरुण पुन्हा उपचाराला फिरकला नाही. तातियाना तारासॉफला कुणी काहीच सांगितलं नाही, आणि २७ ऑक्टोबरला तिचा खून झाला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये निकाल दिला की दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्याचं कळल्यावर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचारकाचं कर्तव्य आहे. गोपनीयतेची ढाल तिथं चालणार नाही.

हे प्रकरण गोपनीयतेच्या मर्यादेसाठी शिकवतात. मला त्यात वरिष्ठांची पेन्सिलही दिसते, यावेळी टिपणं खोडायला निघालेली. म्हणून आता केंद्रांत सुपरव्हिजनचीही नोंद ठेवतात: कुणी काय विचारलं, वरिष्ठांनी काय सांगितलं, कधी. जिवाचा धोका असेल तर प्रशिक्षणार्थीनं भेट अर्धवट सोडून ‘मी दोन मिनिटांत येते’ म्हणत शेजारच्या दारावर टकटक करावी, ही मुभा तिला पहिल्या दिवशीच दिलेली असते. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे आडवळण न घेता विचारायलाही तिथंच शिकवतात. विचारल्यानं मुलाच्या डोक्यात भलतं भरतं, ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. उलट विचारलं की मूल सुस्कारा सोडतं.

आता आपल्या दाराशी येऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता: १,७६४. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, सगळ्या शिक्षणसंस्थांना आदेश दिला. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. अमेरिकेत केंद्रांना मान्यता देणारी संस्था दर हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ माणूस सुचवते. आपल्याकडच्या आठ-दहा हजारांच्या कॉलेजात एका जागेची जाहिरात निघाली तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती आहे.

माणसं घडवणाऱ्या जागा नाहीत असं नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच संस्था उपचारांच्या जोडीला समुपदेशकांचं प्रशिक्षणही करत आली आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेनं २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही फोन आणि ईमेलवरून चालणारी सेवा काढली. सरकारची ‘टेली-मानस’ १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मराठीतही चालते. क्लिनिकल सायकॉलॉजीचा दोन वर्षांचा एम.फिल. करणाऱ्यांना रुग्णालयात देखरेखीखाली काम करावंच लागत आलं आहे. अडचण आहे ती त्याच्या अलीकडच्या मोठ्या घोळक्याची: एम.ए. झालेली, हुशार, कळकळीची मुलं. समुपदेशक म्हणून काम करायला वर्षानुवर्षं कुठलीच सक्ती नव्हती. २०२१च्या केंद्रीय कायद्यानं या व्यवसायांना नोंदणीच्या कक्षेत आणलं खरं, पण कायदा आणि स्टाफरूम यांत अंतर असतं.

त्या अंतरात घडतं ते असं. कॉलेज एका मुलीला अकरा महिन्यांच्या करारावर घेतं. खोली मिळते ती परीक्षा विभागाला लागून, पार्टिशनची. तिला रॅगिंगविरोधी समितीवर टाकतात, मग प्रवेशाच्या दिवसांत फॉर्म तपासायला बसवतात. विभागप्रमुख विचारतात, ‘तो तुमच्याकडे येतो ना, काय म्हणतो?’ वडील गावाहून फोन करतात, ‘बाई, आम्ही आईबाप आहोत, आम्हाला कळायला नको का?’ २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे, पण फोनवर रडणाऱ्या बापाला कलम वाचून दाखवता येत नाही. काय बोलायचं ते रात्री कुणाला तरी विचारता आलं पाहिजे. तिला विचारायला कुणी नसतं. चार अनुभवी सुपरव्हायझर मिळून दहा कॉलेजांच्या समुपदेशकांना दर आठवड्याला एक तास देऊ शकतील. याचा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा जास्त येणार नाही. पण अंदाजपत्रकात या खर्चाला रकानाच नाही. उलट विनामोबदला इंटर्न मिळतात म्हणून आणखी चार इंटर्न बोलावले जातात, आणि त्यांची देखरेख याच मुलीच्या गळ्यात पडते.

जिथं व्यवस्था नीट आहे तिथं मार्च उजाडला की सुपरव्हिजनचा सूर बदलतो. प्रशिक्षणार्थीची बॅच मे महिन्यात संपते, तिच्याकडे येणारी मुलं संपत नाहीत. वर्षभर कुणाजवळ तरी बोललेल्या मुलाला ‘आता तू दुसऱ्या ताईकडे जा’ हे सांगण्याची तयारी दोन महिने आधीपासून चालते. कोण पुढे चालू ठेवणार, कुणाचं थांबवता येईल, कुणाला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं, फायलीत किती लिहायचं म्हणजे नव्या माणसाला कळेल आणि मुलाचं उघडं पडणार नाही. शक्य असेल तर शेवटच्या भेटीला नवी समुपदेशक दहा मिनिटं येऊन बसते. बहुतेक मुलं तिला पहिल्यांदा एकच विचारतात: ‘तुम्ही कधीपर्यंत आहात?’ तिनं खरी तारीख सांगायची असते.