मेंदूतली कुलपं आणि गरम वाफा

परवा बचतगटाच्या बैठकीत आमच्यातली एक ताई हप्त्यांचा हिशेब सांगता सांगता एकदम घामाघूम झाली. चेहरा लाल झाला, पदराने वारा घेऊ लागली. थोड्या वेळाने निवळली आणि हळूच म्हणाली, "घरी सांगितलं तर म्हणतात, तुझे मनाचे खेळ आहेत." आम्ही सगळ्या गप्प झालो, कारण आमच्यातल्या कितीतरी जणींनी हेच ऐकलं होतं. म्हणून आज त्यावरच बोलू या.

पाळी जायच्या वयात बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं. हे संप्रेरक म्हणजे जणू किल्ली. ती रक्तातून अंगभर फिरते, पण जिथे तिचं कुलूप असेल तिथेच चालते. या कुलपाला ग्राही म्हणतात. ग्राही हे पेशीतलं एक प्रथिन. ते कसं बनवायचं, ही कृती जनुकात लिहिलेली असते.

आता गंमत बघा. गर्भाशय, हाड आणि मेंदू यांच्या पेशींजवळ कृतींची वही एकच असते. मग कुलपं सगळीकडे सारखी का नाहीत? कारण प्रत्येक पेशी वहीतली काही पानं उघडी ठेवते, काही घट्ट मिटून ठेवते. पान वाचायला मदत करणारी प्रथिनंही जागोजागी वेगळी असतात.

मेंदूच्या आतसुद्धा असा फरक असतो. न्यूयॉर्कच्या मॅकलस्की आणि मॅकइवेन या शास्त्रज्ञांनी १९७८ साली बीजकोश काढलेल्या उंदरांच्या माद्यांना इस्ट्रोजेन दिलं. तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाची कुलपं वाढली. मेंदूच्या वरच्या थरात मात्र ती वाढली नाहीत. किल्ली तीच, मेंदू तोच, पण एका भागाने पान उघडलं, दुसऱ्याने नाही.

याच हायपोथॅलॅमसमध्ये काही चेतापेशी आहेत. त्यांच्यात इस्ट्रोजेनची कुलपं असतात आणि इस्ट्रोजेन त्यांना आवरून धरतं. ते कमी झालं की या पेशी मोठ्या होतात, जास्त काम करू लागतात आणि न्यूरोकायनिन बी नावाचा निरोप जोरात पाठवतात. तो निरोप शेजारच्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला पोचतो. अंग फार तापलंय असं समजून ते केंद्र कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंद करतं, घाम सोडतं. हीच ती गरम वाफ. म्हणजे हा मनाचा खेळ नव्हे, मेंदूतल्या पेशींचं काम आहे.

हे कळल्यामुळे औषधही निघालं. न्यूरोकायनिनचा निरोप जिथे पोचतो ते कुलूपच अडवणाऱ्या गोळीला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. त्यात संप्रेरक नसतं.

पण कोणतीही गोळी शेजारणीचं ऐकून घेऊ नका. इस्ट्रोजेनची कुलपं स्तनात आणि गर्भाशयातही असतात. म्हणून वाफांसाठी घेतलेलं संप्रेरक तिथेही काम करतं, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईला ते सहसा देत नाहीत. डॉक्टरांना आधीचं सगळं आजारपण सांगा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर थांबू नका, लगेच दाखवा.

आमची ताई आता बैठकीत खिडकीजवळ बसते. वाफ आली की सांगते, आणि आम्ही हिशेब दोन मिनिटं थांबवतो. तुमच्या घरातल्या माणसांनाही आजचं हे बोलणं ऐकवा.