सुट्टी कोणाची?

भूमध्य समुद्राच्या काठी सहकुटुंब पंधरा दिवस घालवायचे ठरले, तेव्हा आमच्या घरात पहिला वाद झाला तो गावावरून नव्हे, स्वयंपाकघरावरून. ओटा, शेगडी आणि भांडीकुंडी असलेले घर भाड्याने घ्यावे, की इटलीत ज्याला ‘पेन्सिओने’ म्हणतात अशा लहानशा घरगुती हॉटेलात उतरावे? आईचे सोवळे आता पूर्वीइतके कडक राहिलेले नाही. तरी मांस, मासे आणि अंडे तिला चालत नाही. मुलांना एक वेळ तरी भात लागतो. सौ.चे माहेर अलिबागचे. मासे तिला प्रिय. परंतु आमच्या बडोद्याच्या घरात गेल्या एकोणीस वर्षांत ते कधी शिजले नाहीत. सर्वांची सोय पाहता घरच घ्यावे, असे आम्ही ठरविले. ‘आम्ही ठरविले’ याचा अर्थ सौ.ला विचारल्यावाचून ठरविले, हे येथेच कबूल केलेले बरे.

गाव निवडले ते लेवान्तो. इटलीच्या वायव्येस लिगुरिया नावाचा चिंचोळा किनारी प्रांत आहे. त्यातील जेनोवा आणि ला स्पेत्सिया या शहरांना जोडणारा लोहमार्ग १८७४ साली पुरा झाला. त्यावरचे हे एक टुमदार स्थानक. येथून गाडीने पाच-सहा मिनिटांवर मोंतेरोस्सो लागते आणि कड्याला बिलगलेल्या पाच गावांचा सुप्रसिद्ध ‘चिंक्वे तेर्रे’ सुरू होतो. युनेस्कोने १९९७ साली त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, १९९९ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात तेथे पाऊल ठेवायला जागा मिळणे कठीण. घरे लहान, भाडे भारी आणि जिकडेतिकडे पायऱ्या. कोर्नील्या या गावी तर स्थानकातून वर जायला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी मुक्काम लेवान्तोला करावा आणि ती गावे दिवसा जाऊन पाहावीत, हे आमचे स्पष्ट मत. लेवान्तोचा किनारा सपाट आहे. शिवाय जुना रेल्वेमार्ग १९७० च्या सुमारास डोंगराच्या आत हलविल्यामुळे समुद्रालगतचे जुने बोगदे आता पायी चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना मोकळे झाले आहेत. बाहेर ऊन रणरणत असताना त्या गार बोगद्यांतून शेजारच्या बोनास्सोला गावापर्यंत आई रोज चालून येई.

घर भाड्याने घेताना काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. पहिली म्हणजे मजला आणि लिफ्ट. ‘समुद्र दिसतो’ या दोन शब्दांवर भाळून आम्ही चौथ्या मजल्यावरचे घर घेतले, लिफ्ट नव्हती. २०२५ सालापासून अशा प्रत्येक घराच्या जाहिरातीत सरकारी नोंदणी क्रमांक असणे सक्तीचे झाले आहे. तो नसल्यास पैसे पाठवू नयेत. मालकाला पाहुण्यांची नावे पोलिसांना कळवावी लागतात, म्हणून पारपत्रे मागितली तर बिचकू नये. बहुतेक पर्यटनाच्या गावी दर माणशी, दर रात्री थोडा कर निराळा द्यावा लागतो, तोही हिशेबात धरावा. विजेचे मात्र आम्हांला कोणी सांगितले नव्हते. इटलीतील घरगुती जोडणी साधारणतः तीन किलोवॉटची असते. पहिल्याच संध्याकाळी भट्टी, कपडे धुण्याचे यंत्र आणि इस्त्री एकदम चालू केली आणि घरभर अंधार झाला. एका बाबतीत मात्र आईने त्या देशाला पैकीच्या पैकी गुण दिले. १९७५ च्या सरकारी नियमानुसार घरातील एका तरी न्हाणीघरात बिडे, म्हणजे पाण्याने शुद्धी करण्याचे भांडे, असावेच लागते. युरोपात अन्यत्र आपल्या माणसांची होणारी कुचंबणा येथे होत नाही.

आता जेवणाचे. लिगुरियाचा डोंगर उतरणीचा, गवताळ कुरणे थोडी. त्यामुळे येथील जुने अन्न भाजीपाला, कडधान्य आणि ऑलिव्हचे तेल यांवर उभे आहे. ‘फारिनाता’ हा पदार्थ पाहून सौ. भर दुकानात हसली. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि तेल एवढेच त्यात असते. पातळ पीठ काही तास ठेवून कल्हई केलेल्या तांब्याच्या मोठ्या परातीत ओततात आणि लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून खरपूस, आतून लुसलुशीत असे हे डाळीच्या पिठाचे धिरडेच. फक्त त्याला उलथणे लागत नाही. त्याचीच बहीण ‘पानिस्सा’. तेच पीठ पिठल्यासारखे घोटून शिजवायचे, थापून थंड करायचे आणि वड्या पाडायच्या. ‘पाटवडी!’ आई म्हणाली, आणि तिची चिंता मिटली.

उपाहारगृहात बसल्यास बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी काही रक्कम दिसते. ती फसवणूक नव्हे, टेबल मांडल्याची आणि पावाची आकारणी आहे. आधी पास्ता, मग मांस किंवा मासळी असा क्रम असला तरी नुसता पहिला पदार्थ घेऊन उठले तरी कोणी नाक मुरडत नाही. मात्र भाजीच्या पदार्थातही ‘अच्चूगे’, म्हणजे लहान खारवलेले मासे, आहेत का हे विचारावे. संध्याकाळी सात-साडेसातच्या आत चूल पेटत नाही. आई दिवेलागणीच्या आत जेवणारी. पण जूनमध्ये तेथे सूर्यच नऊनंतर मावळतो, त्यामुळे तिचा नेम मोडला नाही.

हे सगळे असूनही पहिला आठवडा गेला तो कसा? सकाळी सौ. पोहे करी, दुपारी भात-आमटी, संध्याकाळी पुन्हा काहीतरी. बाजारातून पिशव्या घेऊन ती चार मजले चढे आणि आम्ही सज्जात बसून समुद्र पाहत असू. पाचव्या दिवशी भांडी घासताघासता ती शांतपणे म्हणाली, “अहो, बडोद्याचा ओटा सोडून इथल्या ओट्याशी आले, एवढाच काय तो फरक.” त्यात रागाचा सूर नव्हता, आणि म्हणूनच आम्हांला काही उत्तर सुचले नाही.

घर सात दिवसांचेच घेतले होते. दुसऱ्या आठवड्यासाठी आम्ही त्याच गावात एक पेन्सिओने पाहिले आणि ‘मेद्झा पेन्सिओने’ म्हणजे राहणे, सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण असा ठराव केला. पैसे अधिक पडले. परंतु पिशव्या, किराणा आणि दुपारचे बाहेरचे खाणे धरले तर वाटले होते तितके नाही. मालकीणबाई सकाळीच रात्रीचे काय हवे ते विचारीत.

येथे एक पेच आला. लिगुरियाची तुळशीची हिरवी चटणी, पेस्तो, आईला फार आवडली होती. बटाटा आणि फरसबी घातलेल्या पास्त्याबरोबर ती आठवडाभर खात होती. तिच्यात पार्मेज्यानो चीज असते, आणि अस्सल पार्मेज्यानो वासराच्या जठरातील अर्काने विरजतात, हे आम्हांला ठाऊक होते. सांगावे की न सांगावे? न सांगणे सोपे होते, पण तिच्या व्रताशी ते खोटे बोलणे झाले असते. आम्ही सांगितले. तिने ताटली हलकेच बाजूला सारली आणि “पहिल्या दिवशी सांगायचंस,” एवढेच म्हणाली. मालकीणबाईंनी दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी तुळस, तेल आणि पाइनच्या बियांची चीजविरहित चटणी निराळी वाटली. पानिस्सा होतीच.

त्याच रात्री शेजारच्या टेबलावर तळलेल्या अच्चूगेंची थाळी आली. मोंतेरोस्सोच्या या मासळीची मोठी ख्याती आहे, आणि आपली मांदेली तिच्याच कुळातली. सौ.ची नजर तिकडे गेली आणि लगेच परत आली. आम्ही पाहिले, आईनेही पाहिले.

“मागव की,” आई म्हणाली.

“नको हो आई, तुमच्यासमोर कशाला?”

“मी माझी पाटवडी खाते, तू तुझी मांदेली खा. मी तुला कधी खाऊ नको म्हटलंय का गं?”

म्हटले नव्हते, हे खरे. पण खा असेही या एकोणीस वर्षांत कोणी म्हटले नव्हते. थाळी आली. लिंबू पिळून सौ.ने पहिला मासा डोक्यासकट मोडला. मुले पाहत राहिली; धाकटीने एक मागून घेतला. आई आपल्या वड्यांवर मिरपूड घालीत होती. मालकीणबाईंनी थाळी रिकामी पाहून भुवया उंचावल्या, तेव्हा दुसरी थाळी सांगितली ती सौ.नेच, पाच बोटे दाखवून आणि आम्हांला न विचारता.