स्टेडियम बदलेल; जबाबदारी कोण घेणार?

सरकारवर बालंट आले की दोन गोष्टी हमखास होतात. चौकशी आयोग नेमला जातो आणि पाठोपाठ एखादा भव्य प्रकल्प जाहीर होतो. बंगळुरूत २०२५ साली या दोन्ही गोष्टी अवघ्या दोन-सव्वादोन महिन्यांत घडल्या. ३ जूनला रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने अहमदाबादेत अठराव्या हंगामात प्रथमच आयपीएलचा करंडक जिंकला. दुसऱ्या दिवशी विजयोत्सवासाठी चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांशी उसळलेल्या गर्दीत अकरा जण चेंगरून मरण पावले. निवृत्त न्यायमूर्ती जॉन मायकेल डिकुन्हा यांच्या आयोगाने जुलैत अहवाल दिला आणि ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी आनेकल तालुक्यातील सूर्यनगर येथे ऐंशी हजार आसनांच्या क्रीडासंकुलाची घोषणा केली. जागा शंभर एकर, अपेक्षित खर्च १,६५० कोटी रुपये, काम कर्नाटक गृहनिर्माण मंडळाकडे.

नवे स्टेडियम हवे की नको, हा प्रश्न क्रीडापानावरचा वाटेल. तसा तो नाही. सरकारी जमीन, सार्वजनिक पैसा, खासगी नफा आणि सुरक्षेची जबाबदारी या चारही गोष्टी त्यात गुंतल्या आहेत. त्यांचा निवाडा विटा रचण्याआधी व्हायला हवा.

चिन्नास्वामीचे दुखणे

चिन्नास्वामी अपुरे पडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९७० च्या सुमारास त्याची उभारणी सुरू झाली आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तेथे पहिला कसोटी सामना झाला. गॉर्डन ग्रीनिज आणि व्हिव्हियन रिचर्ड्स यांचे पदार्पण याच सामन्यातले. १९७१ च्या जनगणनेत सोळा-सतरा लाखांचे असलेले शहर आज कोटीची वेस ओलांडून गेले आहे; स्टेडियमची प्रेक्षकक्षमता मात्र पस्तीस हजारांच्या आसपासच आहे. एका बाजूला कब्बन पार्क, दुसऱ्या बाजूला महात्मा गांधी रस्त्याची वर्दळ, त्यामुळे विस्ताराला वाव नाही. प्रवेशद्वारे थेट रस्त्यावर आणि पदपथावर उघडतात. रांगा लावायला मोकळी जागा नाही. या वास्तूची रचनाच मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांना असुरक्षित आहे, असा डिकुन्हा आयोगाचा निष्कर्ष आहे. अग्निसुरक्षेच्या अटी पूर्ण न केल्यामुळे दुर्घटनेच्याच महिन्याच्या अखेरीस स्टेडियमचा वीजपुरवठा तोडण्यात आला. याचा अर्थ, अकरा जीव जाईपर्यंत या अटींची आठवण कोणालाही निकराने झाली नव्हती.

किंमत क्रिकेटनेही मोजली. महिलांच्या विश्वचषकातील बंगळुरूचे सामने काढून नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला देण्यात आले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताने विश्वविजेतेपद मिळवले ते तेथेच.

सामना नव्हता, तरीही

मात्र ४ जूनचे खापर काँक्रीटवर फोडता येत नाही. त्या दिवशी चिन्नास्वामीवर सामना नव्हता. रात्री उशिरा करंडक जिंकलेला संघ दुसऱ्याच दिवशी शहरात मिरवायचा, हा निर्णय घाईत झाला. विधानसौधात सत्कार आणि स्टेडियममध्ये सोहळा, असे दोन कार्यक्रम एकाच दुपारी ठरले. विनामूल्य प्रवेशाची वार्ता समाजमाध्यमांवरून पसरली. पस्तीस हजारांच्या स्टेडियमकडे दोन-तीन लाख लोक आले, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी सांगितले. मेट्रोने त्या दिवशी साडेनऊ लाखांहून अधिक प्रवासी वाहिले. ऐंशी हजार आसने असती तरी दीड-दोन लाख लोक बाहेरच राहिले असते, आणि माणसे मेली ती बाहेरच, दारांशी.

नंतरचा क्रम प्रशासनातल्या वाचकांना नवा नाही. सरकारने पोलीस आयुक्तांसह पाच पोलीस अधिकारी निलंबित केले. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने त्यांतील एका अधिकाऱ्याचे निलंबन रद्द करताना गर्दी जमवल्याचा प्रथमदर्शनी ठपका संघाच्या व्यवस्थापनावर ठेवला. जुलैअखेर उरलेल्यांचे निलंबनही सरकारने मागे घेतले. सत्काराच्या व्यासपीठावर गर्दी करणाऱ्यांपैकी कोणालाही जबाबदारीच्या रांगेत उभे राहावेसे वाटले नाही.

हिशेब आणि अनुभव

सूर्यनगरचा साधा भागाकार केला तर एका आसनामागे दोन लाखांहून अधिक रुपये पडतात. अहमदाबादचे मोटेरा २०१५ मध्ये पाडून पुन्हा बांधले गेले आणि २०२० मध्ये खुले झाले. तेथे १ लाख ३२ हजार आसनांसाठी सुमारे ८०० कोटी लागले, म्हणजे आसनामागे साठ हजारांच्या घरात. सूर्यनगरच्या रकमेत इतर खेळांच्या सोयीही धरल्या आहेत आणि मधल्या काळात भाव वाढले आहेत, हे मान्य केले तरी फरक डोळ्यांत भरतो. शिवाय आयपीएलच्या साखळीत यजमान संघाला घरच्या मैदानावर सात सामने मिळतात; त्यात एक-दोन आंतरराष्ट्रीय सामन्यांची भर. वर्षातले उरलेले साडेतीनशे दिवस हे संकुल कशावर चालणार, हे घोषणेतून उमगत नाही.

महाराष्ट्राने हे धडे आधीच गिरवले आहेत. तिकिटांच्या वाट्यावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी बिनसले म्हणून मुंबई क्रिकेट संघटनेने ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर वानखेडे उभारले. गरजेपेक्षा मानापमान मोठा होता, तरीही ते शहराच्या मध्यात, रेल्वेस्थानकाला लागून असल्याने रुजले. नागपूरने सिव्हिल लाइन्समधून जामठ्याला, पुण्याने गहुंज्याला बस्तान हलवले. दोन्हीकडे मैदाने प्रशस्त झाली, पण सामना संपल्यावर घरी परतायचे कसे, हे कोडे प्रेक्षकाच्या गळ्यात पडले. गहुंज्याला सहाराचे नाव लागले, ते थकबाकीच्या वादात उतरले, आणि सुमारे ६९ कोटींच्या थकीत कर्जापोटी २०१८ मध्ये बँकांनी स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. बंगळुरूची नवी मेट्रो ऑगस्ट २०२५ मध्ये बोम्मसंद्रपर्यंत पोहोचली. सूर्यनगर त्याच्याही पुढे आहे.

दिल्लीतही उदाहरण आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी बांधलेल्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी सुमारे ९६० कोटी खर्च झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते पाडून १०२ एकरांवर क्रीडानगरी उभारण्याची योजना पुढे आली. अमेरिकेतील सिॲटल शहरातले किंगडोम हे स्टेडियम २००० साली सुरुंग लावून पाडण्यात आले. त्याचे रोखे फेडता फेडता २०१५ उजाडले. वास्तू जाते, कर्ज राहते.

कायद्याची बाजू

घटनेच्या सातव्या परिशिष्टात क्रीडा, पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे तिन्ही विषय राज्यसूचीत आहेत. त्यामुळे स्टेडियमच्या सुरक्षेसाठी दिल्लीकडे बोट दाखवण्याची सोय राज्यांना नाही. तरीही संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेला राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा येथे लक्षात घ्यावा लागतो. माहिती अधिकाराची कक्षा त्यात सरकारी मदत घेणाऱ्या क्रीडासंस्थांपुरती, तीही त्या मदतीच्या विनियोगापुरती राखण्यात आली. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटींना विकणारे क्रिकेट नियामक मंडळ अनुदान घेत नाही, म्हणून सुटले. पण सरकारी जमिनीवर सरकारी यंत्रणेने बांधलेले स्टेडियम वापरायला मिळणे, ही मदत नव्हे काय? हा प्रश्न सूर्यनगरच्या करारात यायला हवा.

ब्रिटनने दुर्घटनांमधून निराळी वाट काढली. १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर ६६ माणसे गेल्यावर १९७५ मध्ये क्रीडामैदानांच्या सुरक्षेचा कायदा झाला आणि मोठ्या मैदानांना स्थानिक प्राधिकरणाचे सुरक्षा प्रमाणपत्र बंधनकारक ठरले. तरीही १९८९ मध्ये हिल्सबरो घडले; त्यात अखेर ९७ बळी गेले. त्या मैदानाचे प्रमाणपत्र जुने होते, त्याकडे कोणी पाहिले नव्हते. टेलर अहवालाने उभ्याने सामना पाहण्याची पद्धत मोडली आणि परवान्यांची तपासणी कडक केली. कित्येक मैदाने पुढे बदलली, पण आधी नियम बदलले.

कर्नाटकातील क्रम उलटा दिसतो. आयोगाने असुरक्षित ठरवलेल्या चिन्नास्वामीवर सामने खेळवण्यास जानेवारी २०२६ मध्ये राज्य सरकारने सशर्त परवानगी दिली. सूर्यनगर उभे राहायला वर्षे लागतील; तोवर पस्तीस हजार माणसे त्याच दारांतून आत-बाहेर करतील. त्या अटी कोणत्या, त्यांची पूर्तता प्रत्येक सामन्याआधी कोण तपासतो आणि प्रमाणपत्रावर सही कोणाची, हे स्टेडियमच्या दारावर सर्वांना वाचता येईल असे लावले पाहिजे. त्याला १,६५० कोटी लागत नाहीत. नव्या संकुलासाठीही बांधकामाचा वाटा कोण उचलणार, भाडे किती आणि अपघात झाल्यास उत्तरदायी कोण, या तीन कलमांचा करार विधिमंडळापुढे आधी ठेवावा. तसा तो आला तर नव्या स्टेडियमला विरोध करण्याचे कारण उरणार नाही. न आला, तर दोन शहरांतली नव्हे, एकाच शहरातली दोन दारे धोक्याची ठरतील.